ओट्याखालची चोवीस इंच जागा: जुना डिशवॉशर की नवा?

माझ्या मैत्रिणीने पार्मामधलं घर घेतलं ते त्याच्या स्वयंपाकघरावर जीव जडला म्हणून. पार्मा हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या दक्षिणेला लागून असलेलं उपनगर. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९५० साली २९ हजारांच्या आसपास असलेली वस्ती १९६० पर्यंत ८३ हजारांच्या घरात गेली. तिचं घर त्याच काळातलं, १९५५ चं. आत पत्र्याची पांढरी कॅबिनेटं, गोल कोपऱ्यांची, क्रोमच्या मुठींची. ड्रॉवर उघडून पाहिला तर आत यंगस्टाउन किचन्सची पट्टी. मुलिन्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनी इथून तास-सव्वा तासावरच्या वॉरन गावात ही कॅबिनेटं बनवायची. सत्तर वर्षांनंतरही ड्रॉवर बोटाच्या धक्क्याने सरकतो आणि बंद होताना ‘ठप्’ असा जाड, भरीव आवाज येतो. तो आवाज ऐकवण्यासाठी तिने मला तीनदा ड्रॉवर उघडून दाखवला.

सिंकच्या उजव्या हाताला ओट्याखाली एक जुना डिशवॉशर होता. इनॅमलची टाकी, घड्याळासारखी फिरवायची चावी, दारावर क्रोमची आडवी पट्टी. आधीच्या मालकांच्या मुलीने सांगितलं की तो १९६० च्या दशकात बसवलेला आणि गेली पंधरा-सोळा वर्षं बंद. तिच्या आईने शेवटी शेवटी त्यात केक भाजायचे साचे ठेवले होते.

मी पंपांच्या कारखान्यात काम करते. डिशवॉशर म्हणजे शेवटी एका पेटीत बसवलेला पंपच, त्यामुळे मैत्रिणीचा पहिला फोन मला. “ताई, हा चालू होईल का गं?” नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. “ताई, तुम्हीच सांगा हिला. नवा आणू, दोन तासांत बसेल, विषय संपला.” आणि पुण्याहून आलेल्या त्याच्या आईचं मत तिसरंच. काकू म्हणाल्या, “अगं, पाच माणसांची भांडी ती काय! मी बसल्या बसल्या घासून टाकीन.” पाच म्हणजे हे दोघं, चार वर्षांची मुलगी, काका आणि काकू. पण काकूंचा गुडघा दुखतो आणि मैत्रिणीची सकाळची पाळी सहाला सुरू होते, त्यामुळे मशीन हवं हे ठरलेलंच होतं. कुठलं, एवढाच प्रश्न.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण जुनं घर घेतलेली आपली बरीच माणसं या वळणावर येतात आणि बहुतेकदा एका शनिवारी दुकानात जाऊन निर्णय उरकतात.

मशीन उघडल्यावर

आधी या मशीनच्या कुळाबद्दल थोडं. घरोघरच्या डिशवॉशरचं मूळ शोधत गेलं की इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन या बाईंपाशी पोचतो. चिनीमातीच्या उंची बश्या घासताना त्यांचे टवके उडतात म्हणून वैतागलेल्या या बाईंनी तारेच्या खणांत भांडी बसवून त्यांच्यावर पाण्याचा मारा करणारं यंत्र रचलं. पेटंट मिळालं २८ डिसेंबर १८८६ ला. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं गेलं आणि ग्राहक मिळाले ते मुख्यतः हॉटेलं आणि मोठ्या खानावळी. त्यांची कंपनी १९२६ मध्ये होबार्टने घेतली. होबार्ट ओहायोतल्याच ट्रॉय गावची. १९४९ मध्ये होबार्टने किचनएड या नावाने घरगुती डिशवॉशर बाजारात आणला. म्हणजे पत्र्याची कॅबिनेटं आणि डिशवॉशर, दोन्हींची गावं याच राज्यातली. मैत्रिणीला हे सांगितलं आणि तिचं पारडं जुन्या मशीनकडे आणखीनच झुकलं. सांगून चूक केली असं मला तेव्हा वाटलं, आता वाटत नाही.

मशीन बाहेर न काढता खालची पट्टी काढली. भिंतीतून येणारी वायर दोनच तारांची, अर्थिंग नाही. १९५५ च्या वायरिंगमध्ये हे नेहमीचं आहे. पाणी, वीज आणि धातूची टाकी एका जागी असताना अर्थिंग नसणं हा जिवाशी खेळ. म्हणून जुना की नवा हे ठरायच्या आधीच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र तीन तारांची लाइन ओढून घेतली आणि तिला जीएफसीआय लावला. करंट जरा जरी भलत्या वाटेने जाऊ लागला तरी वीज क्षणात तोडणारी ही चीज. घरगुती डिशवॉशरला ती असावी असं अमेरिकेची विद्युत संहिता २०१४ च्या आवृत्तीपासून सांगते. हा खर्च दोन्ही बाजूंना सारखाच होता, त्यामुळे तुलनेत धरला नाही.

मग मी कारखान्यातून मेगर, म्हणजे मोटरचं इन्सुलेशन तपासायचा मीटर, आणला. मोटरच्या गुंडाळीचा इन्सुलेशन रोध मोजला तर ०.४ मेगओम. एक मेगओमच्या खाली आकडा गेला की आम्ही मोटरला वीज देत नाही. जवळ दिवा लावून दोन दिवस ऊब दिली, आकडा तीनच्या वर गेला. नुसता दमटपणा होता. हीटरचंही तेच. पाणी तापवायच्या कॉइलमध्ये धातूची नळी आणि आतली तार यांच्यात मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या कॉइलमध्ये ती भुकटी हवेतला ओलावा शोषते आणि चालू करताच जीएफसीआय उडतो. बरीच चांगली कॉइल ‘जळली’ म्हणून फेकली जाते ती अशी. आम्ही ती काढून ओव्हनमध्ये मंद आचेवर चार तास ठेवली.

दाराचं रबर दगडासारखं झालं होतं, त्याला इलाज नव्हता. मीटरच्या मापाने विकत मिळणारं दुसरं रबर कापून बसवलं. पंपाच्या दांड्याचं सील झिजलेलं. मापं घेतली तर कारखान्याच्या कपाटातल्या एका कार्बनच्या सीलशी जुळली. आतलं सगळं हाताने सोडवता येतं, स्क्रू दिसतात, टायमर उघडला की दात्यांची चाकं दिसतात. हे सगळं बांधणाऱ्या माणसांनी पुढे कुणीतरी हे उघडणार आहे असं धरूनच ते बांधलं होतं. माझ्या पेशातल्या माणसाला याचं किती अप्रूप वाटतं, ते शब्दांत सांगणं अवघड आहे. तिसऱ्या रविवारी चावी फिरवली, ‘खट्’ झालं, पाणी भरलं आणि मशीन घुमायला लागलं. स्वयंपाकघरात एकमेकांशी बोलायला ओरडावं लागत होतं. मैत्रीण रडायला आली होती.

बादलीचा हिशेब

मशीन चालू झालं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. ते काय करतं, हे बघायचं होतं. सांडपाण्याची नळी सिंकऐवजी पाच गॅलनच्या बादलीत सोडली आणि खरा लोड लावला. मुद्दाम आदल्या रात्रीची भांडी: वाळलेलं पिठलं, भाताची ताटं, हळदीच्या वरणाच्या वाट्या, दुधाची साय बुडाला धरलेलं चहाचं पातेलं. वाळलेलं पिठलं म्हणजे कुठल्याही डिशवॉशरची खरी परीक्षा. बेसनातलं प्रथिन आणि पिष्ट दोन्ही मिळून सिमेंट होतं.

दोन बादल्या काठोकाठ भरल्या आणि तिसरी पावभराच्या थोडी वर. साडेअकरा गॅलन, म्हणजे ४३ लिटरच्या वर पाणी. प्रत्येक वेळी जवळपास दोन गॅलन घ्यायचे, फिरवायचे, सोडून द्यायचे, असं ते मशीन पाच-सहा वेळा करतं. आज अमेरिकेत विकायच्या पूर्ण आकाराच्या डिशवॉशरला ३० मे २०१३ पासून एका लोडला पाच गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची कायदेशीर मर्यादा आहे. बरेचसे साडेतीनच्या आसपास भागवतात.

विजेचं गणितही मी मांडलं. नळाचं पाणी १३ अंश सेल्सियस धरलं आणि ते जुन्या मशीनला हवं तसं ६० अंशांपर्यंत नेलं, तर साडेअकरा गॅलन नुसते तापवायलाच सुमारे २.४ युनिट लागतात, मोटर आणि सुकवणं वेगळं. नव्या मशीनची कायद्यातली वरची मर्यादा वर्षाला ३०७ युनिट. २१५ लोडांवर वाटली तर लोडमागे १.४, आणि त्यात पाणी तापवणंही आलं. फरक आहे. पण खरं सांगायचं तर लोडमागे एखाद-दीड युनिट आणि पंचवीस-तीस लिटर पाणी यांची वर्षाची रक्कम या घराला जड जाणारी नव्हती. बिलाचा आकडा पुढे करून कुणी कुणाचं मन वळवू नये, असं मी दोघांनाही सांगितलं.

भांडी बघितली. काचेचे पेले आणि मोठी ताटं बरी निघाली, पिठलं मात्र कडेला तसंच. दोन वाट्या पाण्याच्या माऱ्याने उलथून तोंड वर करून बसल्या होत्या आणि त्यात गढूळ पाणी साठलं होतं. जुनी जाळी अमेरिकन जेवणाच्या बश्यांसाठी, कप-बश्यांसाठी घडवलेली. हलक्या स्टीलच्या वाटीला तिथे धरून ठेवणारं काही नाही. पेल्यांवर पांढरट झाक होती.

गरम पाणी आणि फॉस्फेट

ही पांढरी झाक आणि तो पिठल्याचा काठ यांनी मला मशीनच्या बाहेर बघायला लावलं. पंप ठणठणीत होता, फवारे मोकळे होते, तरी काम अर्धवट. मग घरातल्या बाकीच्या गोष्टी तपासल्या.

पहिलं, पाणी. १९६० च्या दशकातल्या या मशीनला आत येणारं पाणी १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे ६० सेल्सियस हवं. तेव्हा घरोघरचे गीझर तेवढ्यावरच ठेवलेले असत. आज मुलाबाळांच्या घरात ते १२० फॅरनहाइटला ठेवायला सांगतात, कारण ६० अंशांचं पाणी पाच सेकंदांतही गंभीर भाजू शकतं आणि ४९ अंशांच्या पाण्याला त्यासाठी मिनिटं लागतात. या घरात चार वर्षांची पोर. तिच्यासाठी गीझर १२० वर, तो तळघराच्या दुसऱ्या टोकाला. मधल्या चाळीस फूट अर्ध्या इंची तांब्याच्या नळीत जवळपास पावणेदोन लिटर थंड पाणी उभं असतं. ते आधी मशीनमध्ये जातं. थर्मामीटर लावला तेव्हा पहिल्या भरण्याचं पाणी कोमटच निघालं. आधी सिंकचा गरम नळ सोडून ठेवायचा, मग मशीन चालू करायचं, ही जुनी सवय त्यासाठीच होती. गीझरवर मिसळण झडप बसवून टाकीत ६० आणि नळाला ४९ असं करता येतं, आणि ते चांगलंही आहे. पण इथे तो आणखी एक खर्च आणि मशीनसाठी वेगळी नळी.

दुसरं, पावडर. ही मशीनं बनली तेव्हा डिशवॉशरच्या पावडरमध्ये फॉस्फेट भरपूर असायचं. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ते बांधून ठेवतं, सुटलेली घाण पुन्हा भांड्याला चिकटू देत नाही. क्लीव्हलंडचं पाणी ईरी सरोवराचं, मध्यम जड. फॉस्फेट गेलं की काचेवर झाक आलीच. १ जुलै २०१० पासून ओहायोसह सोळा राज्यांनी या पावडरीतल्या फॉस्फरसवर, म्हणजे फॉस्फेटमधल्या मूळ घटकावर, अर्ध्या टक्क्याची मर्यादा घातली. त्याआधी तो आठ टक्क्यांच्या आसपासही असायचा. कंपन्यांनी मग देशभर एकच नवी पावडर केली. तिच्यात फॉस्फेटची जागा एन्झाइमांनी घेतली आहे, एक प्रथिनं तोडणारं, एक पिष्ट तोडणारं. पिठल्यावर हे खरं तर उत्तम. पण एन्झाइमांना वेळ लागतो. पाऊण तास कोमट-गरम पाण्यात मिळाला तर ते पिठलं खाऊन टाकतात. जुन्या मशीनची मुख्य धुलाई आठ-दहा मिनिटांची. त्याची सगळी भिस्त कढत पाण्यावर, जोरदार माऱ्यावर आणि फॉस्फेटवर.

मैत्रिणीने वाचलं होतं की जुनी मशीनं जपणारे लोक वेगळं फॉस्फेट विकत आणून चमचाभर टाकतात. तिने विचारलं, आपणही टाकूया का? काम होईल, यात शंका नाही. पण मी नको म्हटलं आणि ते ठामपणे म्हटलं. ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला उन्हाळ्यात हिरवा तवंग येतो तो फॉस्फरसमुळे. त्याच तवंगातल्या विषामुळे २ ऑगस्ट २०१४ ला टोलिडो शहराच्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगावं लागलं होतं. त्या वेळी मी टोलिडोतल्या एका मैत्रिणीसाठी गाडीत पाण्याचे कॅन भरून घेऊन गेले होते. मुख्य कारण शेतातल्या खतांचं वाहून येणारं पाणी हे खरं आहे आणि एका घराच्या चमचाभर पुडीने सरोवर मरत नाही हेही खरं. तरी ज्या सरोवराचं पाणी आपण पितो त्यात ते आपल्या हाताने टाकायचं नाही.

तेव्हा मला जे कळलं ते असं. जुना डिशवॉशर ही एकटी वस्तू नव्हती. साठ अंशांचं पाणी, फॉस्फेटची पावडर, चपट्या बश्या, त्यांवरचं मांस-बटाट्याचं खरकटं, या सगळ्याच्या मधोमध बसवलेलं ते यंत्र होतं. यंत्र मी परत उभं केलं. भोवतालचं बाकी सगळं बदललं होतं, आणि ते परत आणायचं तर मुलीचा हात, सरोवराचं पाणी आणि आमची वरण-भाताची वाटी, तिन्हींना मुरड घालावी लागत होती.

एका बाबतीत मात्र जुनं मशीन नव्याला हरवतं आणि ते लिहिलंच पाहिजे. सुकवणं. त्याला खाली पंखा आणि हीटर; गरम हवेचा झोत भांड्यांमधून जातो. दार उघडलं तेव्हा उलथलेल्या त्या दोन वाट्या सोडल्या तर एकेक भांडं कोरडं, हाताला ऊन लागणारं. आजची बरीच मशीनं शेवटचं पाणी गरम करून भांडी तापवतात आणि वाफ टाकीच्या थंड भिंतीवर धरू देतात. काच, चिनीमाती सुकते. स्टीलच्या वाटीच्या बुडाच्या खोबणीत पाणी राहतंच.

भिंतीवरचा ठसा

मैत्रीण तरी अडून होती आणि तिचा मुद्दा मला पटण्यासारखा होता. तिच्या मते १९५५ च्या स्वयंपाकघरातून त्याचं जुनं मशीन उपटून काढणं म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा काढून शटर बसवणं.

सील नीट बसलंय का हे मागून बघायला आम्ही मशीन हळूच बाहेर ओढलं. मागच्या भिंतीवर फिकट हिरव्या रंगात एक स्वच्छ चौकोन, रंग न लागलेला. जमिनीवर चार स्क्रूंची भोकं, चोवीस इंचांवर. शेजारच्या कॅबिनेटच्या अंगाला, दुसरं कॅबिनेट जोडायच्या बोल्टांची दोन भोकं, आत अजून एक नट अडकलेला. म्हणजे १९५५ मध्ये इथे डिशवॉशर नव्हताच. इथे चोवीस इंची पत्र्याचं कॅबिनेट होतं आणि नंतर कुणीतरी ते काढून मशीन बसवलं. नवल काहीच नाही. त्या काळच्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत डिशवॉशर नसायचाच, तो सर्रास झाला तो सत्तरच्या दशकात.

मैत्रीण बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे जपायचं ते इथलं कॅबिनेटाचं दार.” निर्णय त्या वाक्यात झाला.

दार

नव्या मशीनला जुन्याचं रूप द्यायचे दोन रस्ते होते. एक, मुळातच जुन्या धाटणीचं रंगीत मशीन घ्यायचं. इटलीची स्मेग, कोलोरॅडोची बिग चिल अशा कंपन्या ते बनवतात. सुंदर असतात, महाग असतात. पण त्यांचं पन्नासच्या दशकाचं रूप फ्रिजच्या फुगीर दारावरून घेतलेलं, आणि आपल्या पत्र्याच्या कॅबिनेटांचे चेहरे सपाट. शेजारी ठेवलं तर दोन वेगळ्या घरांतल्या वस्तू वाटल्या असत्या. दुसरा रस्ता, पॅनल लावायचा डिशवॉशर: दाराला बाहेरचा पत्रा नसतोच, आपण हवं ते दार चढवायचं. आम्ही तो घेतला.

मापं घेताना पहिली अडचण. ओट्याखाली उंची साडेचौतीस इंच हवी होती, भरली तेहेतीस आणि थोडी. कारण जमीन वर आली होती: खाली नऊ इंची चौरस फरश्या, वर नंतरचं लिनोलियम, त्याच्यावर लाकडी दिसणाऱ्या पट्ट्या. नऊ इंची जुनी फरशी दिसली की हात आवरायचा. त्या काळच्या अशा फरश्यांत अॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतूंचं खनिज, असण्याची शक्यता मोठी असते. प्रयोगशाळेत तुकडा पाठवला, अॅस्बेस्टॉस निघालं. अखंड पडून आहे तोवर ते त्रास देत नाही, फोडलं की धूळ उडते. म्हणून खरवडायचा विचार सोडला. अपंगांच्या सोयीसाठी ठेंगण्या ओट्याखाली बसणारी साडेबत्तीस इंच उंचीच्या आसपासची मशीनं मिळतात. त्यातलं एक घेतलं. टाकी थोडी बुटकी, म्हणजे ताटाच्या उंचीत दोन इंच गेले. त्याचा हिशेब पुढे येईल.

दुसरी अडचण, मशीन अडकवायचं कशाला. लाकडी ओट्याला खालून स्क्रू मारतात. इथे वरून पत्रा, बाजूला पोकळ पत्रा. ओट्याच्या खालच्या बाजूला प्लायवुडची पट्टी चिकटवून बोल्टने आवळली आणि मशीन तिला धरलं. सांडपाण्याची नळी आधी सरळ खालून जोडलेली होती, त्यामुळे सिंकचं घाण पाणी उलटं टाकीत यायची सोय. ती ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत उंच नेऊन मग खाली आणली.

मग दार. अठरा गेजचा पत्रा, कडा वळवलेल्या, मागे प्लायवुड, एकूण जाडी पाऊण इंच. मशीनच्या कागदावर दाराच्या वजनाची मर्यादा असते, ती बघूनच प्लायवुड पातळ घेतलं. बसवल्यावर दाराच्या स्प्रिंगचा ताण वाढवला, नाहीतर दार धाडकन खाली येतं. रंगाला गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याकडे गेलो. कॅबिनेटचा एक ड्रॉवरच काढून नेला. त्याने विचारलं, कुठल्या पांढऱ्याशी जुळवू? तेव्हा लक्षात आलं. ड्रॉवरची आतली बाजू चुन्यासारखी पांढरी, बाहेरची सत्तर वर्षांच्या उजेडाने आणि तेलाच्या वाफेने दुधावरच्या सायीसारखी. आतला रंग १९५५ चा, बाहेरचा आजचा. मैत्रिणीने बाहेरच्यावर बोट ठेवलं. तीन नमुने फुकट गेले, चौथा जुळला. क्रोमची मूठ भंगारातल्या एका यंगस्टाउन कॅबिनेटवरून आणली.

पत्रा, रंग, मूठ मिळून तीनशे डॉलरच्या आत, मशीन अकराशेच्या आसपास. जुन्यावर सुटे भाग मिळून शंभरही लागले नव्हते. माझे तीन रविवार वेगळे. जुनं मशीन इंडियानातला एक गृहस्थ ट्रक घेऊन येऊन घेऊन गेला. त्याच्या तळघरात अशी नऊ आहेत आणि त्याचा गीझर १४० वर असतो. त्याला मी सीलचा क्रमांक लिहून दिला.

वर्षभरानंतर

नवं मशीन सव्वादोन तास घेतं. आवाज ४४ डेसिबल, चालू आहे की नाही हे कळायला वाकून बघावं लागतं. पिठलं निघतं, रात्रभर वाळलेलंही, आणि पेले स्वच्छ असतात. मात्र झाक येऊ नये म्हणून रिन्स एड, म्हणजे शेवटच्या पाण्यात मिसळायचं द्रव, संपू द्यायचं नाही. बादली इथेही लावून बघितली. साडेतीन गॅलनच्या आत.

ताटांचा हिशेब असा की मोठी तेरा इंची ताटं वरची जाळी काढल्याशिवाय उभी राहत नाहीत. रोजच्याला अकरा इंची ताटं घेतली, मोठी सणावाराला आणि ती हातानेच. वाट्या वरच्या जाळीत, तिरक्या, एकमेकींना टेकून. सुटी वाटी नव्या मशीनमध्येही उलथते. धुण्याची फेरी, म्हणजे सायकल, संपली की दार चार बोटं उघडं ठेवायचं आणि वाट्यांना एकदा हलवायचं, बुडातलं पाणी पडतं. हे काम मुलीने स्वतःकडे घेतलं आहे.

आत काय घालायचं नाही याची यादी काकूंनी फ्रिजवर लावली आहे. बिडाचा तवा आणि लोखंडी कढई गंजतात. पितळेची, तांब्याची भांडी काळवंडतात. ॲल्युमिनियमचा कुकर एकदा चुकून गेला आणि करड्या राखेसारखा होऊन आला, तेव्हा सगळ्यांना पटलं. पावडरच्या क्षाराने ॲल्युमिनियमचं असंच होतं. आणि घराला शोभतील म्हणून हौसेने गोळा केलेले जुने पायरेक्स काचेचे रंगीत नक्षीचे वाडगे, त्यांचा रंग दोन-चार महिन्यांत उडतो. ते हातानेच.

हळद मात्र कुणाला सोडत नाही. टाकी स्टीलची म्हणून ती वाचली, पण आतले पांढरे प्लॅस्टिकचे चमचे-खण दुसऱ्या महिन्यातच पिवळे. ते काढून मागच्या डेकवर दिवसभर उन्हात ठेवतो. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, संध्याकाळपर्यंत अर्धा उतरतो. ओहायोच्या जानेवारीत अर्थात वाट बघावी लागते.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो काकूंच्या विसळण्याला. त्या भांडं आत ठेवायच्या आधी नळाखाली लख्ख धुतात. आतला सेन्सर पाणी किती गढूळ झालं ते बघून सायकल ठरवतो. पाणी स्वच्छच दिसलं तर तो लवकर आटोपतं घेतो आणि कुठेतरी राहिलेलं एक चिकट पातेलं तसंच राहतं. शिवाय विसळण्यातच मशीनपेक्षा जास्त पाणी जातं. मैत्रिणीने हे तीन-चारदा समजावलं. “आई, खरकटं काढा, पण धुऊ नका.” काकूंना पटेना. “खरकटं भांडं तसंच आत ठेवून दार लावायचं? अगं, रात्रभर?” मी मध्ये पडले नाही. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. ताटातलं उरलंसुरलं पोळीच्या शेवटच्या घासाने पुसून खायचं, वाटी बोटाने निपटायची, लहानपणी आई सांगायची तसं. आता जेवण झालं की नातीचं ताट हातात घेऊन त्या उजेडात धरून बघतात, आणि निपटलेलं नसेल तर परत तिच्यापुढे ठेवतात.